गळकं छप्पर, जुनी फर्नेस आणि एफएचएचं २०३-के लिमिटेड कर्ज

प्रश्न असा आहे. न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत १९५०च्या दशकातलं एक केप कॉड घर (उतरत्या छपराचं, वरचा मजला छपराखालीच बसवलेलं छोटं घर) नवरा-बायकोला आवडलंय. विकणारा ४,८०,००० डॉलर मागतोय आणि ‘आहे तसं घ्या, मी एक खिळाही ठोकणार नाही’ असं बजावतोय. छप्पर बदलायला आलंय, फर्नेस कधी बंद पडेल सांगता येत नाही, विजेचं पॅनेल जुनाट आहे. दर उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, म्हणून खालच्या मजल्यावरचं बाथरूमही नीट करून घ्यायचंय. हातातली शिल्लक मात्र डाउन पेमेंटपुरतीच. नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, बायको एच-वन-बीवर. रिअल्टरने एफएचएचं, म्हणजे गृहकर्जांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, २०३-के कर्ज सुचवलं, ज्यात घर आणि दुरुस्ती एकत्र बसतात. ओळखीतला लोन ऑफिसर म्हणाला, ‘त्या भानगडीत पडू नका.’ कुणाचं ऐकायचं?

मी याच भागात गृहकर्जाचं काम करतो आणि ही कर्जंही करतो. रिअल्टरचं म्हणणं बरोबर आहे, हे कर्ज नेमक्या अशाच घरांसाठी आहे. लोन ऑफिसरही खोटं बोललेला नाही, पण त्याने अर्धंच सांगितलं. साध्या कर्जाच्या दुप्पट कागद, दुप्पट फोन आणि कमाई जवळपास तेवढीच, म्हणून बरेच जण यात पडत नाहीत. अनेक बँका तर हे कर्ज देतच नाहीत. तेव्हा फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की गेल्या वर्षभरात अशी किती कर्जं क्लोजिंगपर्यंत, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होईपर्यंत, नेलीत. उत्तर गुळमुळीत आलं, तर पुढचा नंबर फिरवा.

पण त्याआधी कागदपत्रांची गोष्ट, कारण आपल्या लोकांची गाडी हल्ली इथेच अडते. २५ मे २०२५पासून एफएचएने अस्थायी रहिवाशांना कर्जातून वगळलंय. एच-वन-बी, एल-वन, ओपीटी यांपैकी कशावरही असलेल्या माणसाला आता एफएचएचं कर्ज मिळत नाही. पगार कितीही असो, क्रेडिट कितीही चांगलं असो. मुख्यतः नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच अर्ज करू शकतात. तुमच्या बाबतीत अर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर जाईल आणि उत्पन्नही त्याच्या एकट्याचंच धरलं जाईल. घराच्या मालकीत बायकोचं नाव घालता येतं, ती कर्जदार नसते एवढंच. न्यू जर्सीत राहता हे एका अर्थी बरं, कारण इथे तिच्या नावावरचं कारचं किंवा शिक्षणाचं कर्ज त्याच्या अर्जात मोजत नाहीत. कॅलिफोर्निया, टेक्सास, ॲरिझोना, वॉशिंग्टन अशा राज्यांत पती-पत्नीची मिळकत सामाईक धरतात, त्यामुळे तिकडे अर्जात नसलेल्या जोडीदाराची कर्जंही हिशोबात येतात. एकाच्या पगारावर हे घर बसत नसेल तर २०३-केचा विचार सोडा आणि थेट खाली फॅनी मेवर (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) लिहिलंय तिथे जा.

आता कर्ज काय आहे ते. एफएचए स्वतः पैसे देत नाही. पैसे बँक देते, एफएचए त्या कर्जाचा विमा उतरवते. २०३-के हे नॅशनल हाउसिंग ॲक्टमधलं कलम. घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च एकाच कर्जात, एकाच क्लोजिंगमध्ये बसतात. क्लोजिंगला विकणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात आणि दुरुस्तीची रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे बँकेने राखून ठेवलेल्या खात्यात, जाऊन बसते. ती तुमच्या हातात येत नाही, काम होईल तशी कॉन्ट्रॅक्टरला जाते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्या रकमेवर चालू होतं.

याचे दोन प्रकार आहेत, स्टँडर्ड आणि लिमिटेड. लिमिटेडला जुने लोक अजून स्ट्रीमलाइन म्हणतात. त्याची मर्यादा कित्येक वर्षं ३५,००० डॉलर होती, आणि अलीकडच्या मजुरीच्या दरात ३५ हजारांत छप्पर आणि फर्नेस झाली तरी नशीब. ४ नोव्हेंबर २०२४पासून ती ७५,००० झाली आणि काम पुरं करायची मुदतही सहा महिन्यांची नऊ महिने झाली. इंटरनेटवर अजून जुने आकडे फिरतायत, ते वाचून नाउमेद होऊ नका.

लिमिटेडमध्ये घराच्या सांगाड्याला हात लावायचा नाही, ही मुख्य अट. छप्पर, पन्हाळी, फर्नेस, एसी, प्लंबिंग, वायरिंग, खिडक्या, फ्लोअरिंग, रंग, बाथरूम, किचनची कॅबिनेट्स, फ्रिज-शेगडीसुद्धा, हे सगळं चालतं. खोली वाढवणं, भार पेलणारी भिंत हलवणं, आर्किटेक्टचे नकाशे लागतील असं कुठलंही काम, हे चालत नाही. केप कॉड घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वरच्या मजल्यावर डॉर्मर (उतरत्या छपरातून बाहेर काढलेला खिडकीचा भाग) काढायचा असतो. तो स्टँडर्डचा विषय. तिथे एचयूडीचा (अमेरिकेचं गृहनिर्माण खातं) मान्यताप्राप्त कन्सल्टंट सक्तीचा होतो आणि सगळं प्रकरण लांबतं. किचन आणि डायनिंगमधली भिंत पाडायची असेल तर ती भार पेलते का, हे आधी जाणकाराकडून बघून घ्या. त्या एका भिंतीवरून तुमचं कर्ज लिमिटेडचं स्टँडर्ड होऊ शकतं. तुमच्या यादीतली चारही कामं लिमिटेडमध्ये आरामात बसतात. डॉर्मर पुढे कधीतरी स्वतःच्या पैशाने काढा.

यादीत तुम्हाला हवं ते येतं, तसं अप्रेझरला, म्हणजे घराची किंमत ठरवायला येणाऱ्या माणसाला, दिसेल तेही येतं. एफएचएचा अप्रेझर घराची सुरक्षितता बघतो. जिन्याला कठडा नसला, १९७८च्या आधीच्या घराचा रंग सोलत असला (त्यात शिसं असू शकतं), किंवा छपराचं निदान दोन वर्षांचं आयुष्य उरलं नसलं, तर त्याची दुरुस्ती सक्तीची होते. ती आधी, तुमची हौस नंतर. म्हणून बाथरूमच्या टाइल्स ठरवताना यादीत थोडी जागा मोकळी ठेवा.

पैशाचं बघू. समजा छप्पर १६,०००, फर्नेस आणि एसी १३,०००, पॅनेल आणि वायरिंग ७,०००, बाथरूम १२,०००. झाले ४८,०००. यावर राखीव रक्कम येते. लिमिटेडमध्ये नियमाने ती सक्तीची नाही, पण इतक्या जुन्या घराला बँक १० टक्के धरायला लावेलच, आणि लावली नाही तरी तुम्ही धरा. ती ४,८००. तपासणी आणि टायटलच्या (मालकी हक्काच्या) फेरतपासणीचे समजा ७००. शिवाय बँक जादा फी घेते, दुरुस्तीच्या रकमेच्या दीड टक्का किंवा ३५० डॉलर, यांतलं जे जास्त असेल ते. ती साधारण ८००. एकूण ५४,३००. ७५ हजारांची मर्यादा या एकूण रकमेला लागते, नुसत्या कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनला नाही. म्हणजे प्रत्यक्ष कामाला ६५ हजारांच्या आसपासच मिळतात. रिअल्टर लोक हे हमखास विसरतात.

४,८०,००० अधिक ५४,३०० म्हणजे ५,३४,३००. क्रेडिट स्कोअर ५८० किंवा वर असेल तर डाउन पेमेंट साडेतीन टक्के, म्हणजे १८,७०० डॉलर. कर्ज ५,१५,६००. मिडलसेक्स न्यूयॉर्क महानगरात मोडतं, तिथली एफएचएची कमाल मर्यादा याच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे ती काळजी नाही. आणखी एक चाळणी म्हणजे दुरुस्तीनंतरच्या अंदाजित किमतीच्या ११० टक्क्यांपुरताच हा हिशोब चालतो. तुमच्या आकड्यांना ती किंमत निदान ४,८५,७०० तरी निघायला हवी. अप्रेझर कॉन्ट्रॅक्टरची यादी हातात घेऊनच ती काढतो, म्हणून यादी आधी आणि अप्रेझल नंतर.

आता बोचणारा भाग. एफएचएचा विम्याचा हप्ता दोनदा लागतो. एकदा सुरुवातीला १.७५ टक्के, इथे साधारण ९,००० डॉलर, जे बहुतेक लोक कर्जातच घालतात. शिवाय दर वर्षी ०.५५ टक्के, म्हणजे महिन्याला २३६ डॉलरच्या आसपास. आणि डाउन पेमेंट दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर हा वार्षिक हप्ता कर्ज संपेपर्यंत सुटत नाही. घराची किंमत दुप्पट झाली तरी नाही. रिफायनान्स करून बाहेर पडायचं, एवढाच मार्ग. व्याजाचा दरही साध्या एफएचए कर्जापेक्षा सहसा थोडा चढा असतो.

म्हणून ज्यांचा स्कोअर सातशेच्या बराच वर आहे आणि पाच टक्के भरायची ताकद आहे, त्यांना मी आधी फॅनी मेचं होमस्टाइल रिनोव्हेशन बघायला सांगतो. कल्पना तीच, घर आणि दुरुस्ती एकत्र. तिथला खासगी विमा मात्र कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की अर्ज करून काढता येतो. सांगाड्याची कामंही चालतात, हौसेची पण. आणि मुख्य म्हणजे फॅनी मेच्या नियमांत कायदेशीर व्हिसावर असलेल्यांना दार बंद नाही, त्यामुळे तुमच्या दोघांचे पगार एकत्र धरता येतात. बँका यावर आपापल्या अटी घालतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. फ्रेडी मॅक या तशाच दुसऱ्या संस्थेचं चॉइसरिनोव्हेशनही याच धाटणीचं. तुम्हा दोघांचं क्रेडिट चांगलं असेल तर माझा कल होमस्टाइलकडे. स्कोअर साडेसहाशेच्या आत-बाहेर असेल किंवा शिल्लक खरोखरच बेताची असेल, तर २०३-के लिमिटेड.

पुढचं बरंचसं दोन्ही कर्जांना लागू आहे, आणि खरी लढाई तिथेच आहे. ती म्हणजे कॉन्ट्रॅक्टर.

इसेलिनच्या ओक ट्री रोडवर चहा पिताना ज्याचा नंबर मिळतो तो रोखीत काम करणारा हँडीमन इथे उपयोगाचा नाही. कॉन्ट्रॅक्टरची न्यू जर्सीच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी हवी, त्याचा विमा हवा, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरचं स्वतंत्र लायसन्स हवं. घर १९७८च्या आधीचं, म्हणजे शिसं असलेल्या रंगाचं काम करण्याचं ईपीएचं (पर्यावरण संरक्षण संस्था) प्रमाणपत्रही हवं. मेहुणा कॉन्ट्रॅक्टर असेल तर त्याला यात आणू नका, नात्यातला माणूस चालत नाही. स्वतः रंग द्यायचा असेल तर बँकेची परवानगी काढून देता येतो, पण स्वतःच्या मजुरीचा डॉलर कर्जातून मिळत नाही.

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन कसं असतं, तर एका चिठोऱ्यावर ‘बाथरूम, सर्व कामासह, १२,०००’. हा कागद अंडररायटर, म्हणजे कर्ज तपासून मंजूर करणारा बँकेचा माणूस, त्याच दिवशी परत पाठवतो. त्याला हवं असतं ते असं: खालच्या मजल्यावरचं बाथरूम, आठ बाय पाच फूट, जुना टब, कमोड, बेसिन काढून फेकणे, भिंतींना सिमेंट बोर्ड, छतापर्यंत टाइल्स, टबाच्या जागी कमी उंबऱ्याचा शॉवर, आधाराचे दोन दांडे, नवा कमोड, बेसिन, नळ, ओलावा खेचणारा पंखा, हवा बाहेर सोडणाऱ्या नळीसह, परमिटची फी, साहित्य इतकं, मजुरी इतकी, एकूण इतकं. वर घराचा पूर्ण पत्ता, खाली नोंदणी क्रमांक, तारीख, सही. ‘गरजेनुसार’ आणि ‘अंदाजे’ हे दोन शब्द कुठे दिसले तर तुम्हीच खोडून नीट लिहून घ्या. न्यू जर्सीत ५०० डॉलरवरच्या घरकामाला लेखी करार तसाही लागतोच, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

कॉन्ट्रॅक्टरला पैसे कधी मिळणार, हेही त्याच बैठकीत सांगून टाका. लिमिटेडमध्ये एका कॉन्ट्रॅक्टरला दोनच हप्ते. साहित्यासाठी आधी काही रक्कम द्यायची सोय आहे, पण ती किती आणि कधी हे बँक ठरवते. उरलेलं काम पुरं झाल्यावर. ज्याला दर शुक्रवारी पैसे लागतात तो माणूस तिसऱ्या आठवड्यात काम सोडून दुसऱ्या साइटवर जातो आणि तुमचं छप्पर ताडपत्रीखाली राहतं. एकाच मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडे सगळं देण्यापेक्षा छप्परवाला, फर्नेसवाला आणि बाथरूमवाला वेगळे घेतले, तर प्रत्येकाचं काम छोटं असतं आणि वाट बघण्याची त्याची तयारीही जास्त असते. कागद मात्र तिप्पट होतात. तुमच्या यादीला मी तरीही वेगवेगळेच घेईन.

काम क्लोजिंगनंतर ३० दिवसांत सुरू व्हायला हवं आणि मध्ये सलग ३० दिवसांहून जास्त बंद पडता कामा नये. फर्नेस आणि पॅनेलला टाउनशिपचं परमिट लागतं, आणि शेवटच्या हप्त्याआधी तिथल्या इन्स्पेक्टरची मंजुरी हातात लागते. दिवाळीत भारतात जाणार असाल तर हे वेळापत्रक आधी बघा. काम संपलं की कॉन्ट्रॅक्टर आपले पैसे मिळाल्याचा आणि घरावर कसलाही दावा नसल्याचा कागद देतो, तुम्ही समाधानाची सही करता, बँक चेक काढते. तो बहुतेक वेळा तुमच्या आणि त्याच्या जोडनावाने असतो. सही करण्याआधी शॉवर पंधरा मिनिटं सोडून खाली बेसमेंटमध्ये जाऊन वर बघा. पॅनेलचे ब्रेकर एकेक पाडून बघा. कॉन्ट्रॅक्टर घाई करेल, करू द्या. त्या सहीनंतर तो तुमचा फोन उचलेलच असं नाही.

भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच. या वयाच्या घरात कुजलेला फ्लोअर किंवा गंजलेला लोखंडी पाइप निघाला नाही तर मलाच आश्चर्य वाटतं. राखीव रक्कम त्यासाठी असते, आणि ती वापरायला बदलाचा कागद बँकेकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आधी काम करून मग पैसे मागितले तर ते मिळतीलच असं नाही. राखीव उरली तर ती मुद्दलातून वजा होते. महिन्याचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

लिमिटेडला कन्सल्टंट सक्तीचा नाही. तरी तुमच्या घराला घ्या. नोव्हेंबर २०२४च्या बदलानंतर त्याची फी लिमिटेडच्या कर्जातही घालता येते, आणि यादी लिहिण्याची त्याची सवय तुमच्या कॉन्ट्रॅक्टरपेक्षा शंभर पटीने चांगली असते.

राहण्याचं: ६० दिवसांत राहायला जायचं आणि निदान वर्षभर राहायचं, ही एफएचएची अट. भाड्याने देण्यासाठी हे कर्ज नाही. लिमिटेडमध्ये घर राहण्याजोगं असतानाच काम करायचं असतं, त्यामुळे कामाच्या काळातला हप्ता कर्जात घालण्याची स्टँडर्डची सोय इथे नाही. राहायला जाईपर्यंत अपार्टमेंटचं भाडं आणि घराचा हप्ता एकदोन महिने दोन्ही भरावे लागू शकतात. तेवढे पैसे डाउन पेमेंटमधून वेगळे काढून ठेवा.

ऑफर देताना विकणारा २०३-के हे नाव ऐकून कपाळाला आठ्या घालेल. त्याला क्लोजिंग महिन्याभरात हवं असतं, इथे साठ दिवस धरा, थोडे जास्तच. पण तुमच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. साध्या एफएचए कर्जात अप्रेझर गळकं छप्पर बघून विकणाऱ्यालाच दुरुस्त करायला लावेल, इथे त्याला खरंच एक खिळाही ठोकायचा नाही. रिअल्टरला हे वाक्य ऑफरसोबतच्या पत्रात घालायला सांगा. क्लोजिंगच्या खर्चासाठी विकणाऱ्याकडून सहा टक्क्यांपर्यंत मदत घेता येते. छप्पर बघून तो किंमत उतरवत नसेल तर निदान तिथे मागा. डाउन पेमेंटला ती वापरता येत नाही.

आणि करार सही झाल्यावर वकिलाच्या तपासणीचे जे तीन कामकाजाचे दिवस मिळतात, त्यातच होम इन्स्पेक्शनसोबत जमिनीखालच्या तेलाच्या टाकीची तपासणी ठरवून टाका. न्यू जर्सीतल्या या काळातल्या बऱ्याच घरांत आधी तेलावरची फर्नेस होती, मग गॅस आला आणि टाकी तशीच अंगणात पुरलेली राहिली. टाकी निघाली आणि माती खराब झाली असली तर तो खर्च या सगळ्या यादीला भारी पडू शकतो, आणि बँक काय किंवा विमा कंपनी काय, कुणीच पुढे यायला तयार होत नाही. तसं झालं तर टाकी काढून, मातीचा दाखला घेऊन मगच क्लोजिंग, आणि तो खर्च विकणाऱ्याचा, हे वकिलाकडून करारात घालून घ्या. विकणारा नाही म्हणाला तर बयाणा परत घेऊन दुसरं घर बघा.